पुष्कर महाराजांच्या गाडीचा जोर

पुष्कर मोहरील आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे भिक्षुकी करणाऱ्याला महाराज म्हणतात, त्यामुळे चाळिशी नुकतीच ओलांडलेला हा माणूस सगळ्या रुक्मिणीनगराचा महाराज झालेला आहे. मी अमरावतीच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो, वयानं त्याच्यापेक्षा बराच मोठा. तो मला वकीलसाहेब म्हणतो. मी त्याला चारचौघांत महाराज म्हणतो आणि घरात नुसतं पुष्कर.

बीएस्सी झाल्यावर तो काही वर्षं औषध कंपनीचा एमआर होता. मोटरसायकलच्या मागे बॅग बांधून धारणीपासून वरुडपर्यंतचे दवाखाने पालथे घालायचा. डॉक्टरांनी रात्री बोलावलं तर रात्री जायचा, रविवारी बोलावलं तर रविवारी. पुढे त्याच्या काकांचा आवाज बसला. काका पौरोहित्य करत, आणि त्या धंद्यात आवाज गेला की सगळंच गेलं. लग्नसराईत मंगलाष्टकं म्हणायला ते पुतण्याला सोबत नेऊ लागले. पुष्करचा आवाज खडा, पाठांतर लहानपणचं. दोन हंगामांत त्यानं कंपनीची बॅग परत केली आणि काकांचे यजमान सांभाळू लागला.

बोलावलं की जायचं, ही सवय मात्र तशीच राहिली. शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेतली विहीर पुजायची असो की कौंडण्यपूरला कोणाचा नवस फेडायचा असो, पुष्कर "येतो" म्हणायचा. एकाच तिथीला तिघांनी बोलावलं तर तिघांनाही "येतो" म्हणायचा आणि मग कॅलेंडरसमोर उभा राहून रस्ते जोडत बसायचा.

त्यासाठी त्यानं गाडी घेतली होती. तीन सिलिंडरची, हजार सीसीच्याही आतली, पांढरी, छोटी. पेट्रोल कमी पिते म्हणून घेतलेली. सहा-सात वर्षं तिनं मुकाट्यानं काम केलं. तिच्याबद्दल पुष्करची कधी तक्रार नव्हती. तेल्हाऱ्याच्या लग्नानंतर तक्रार सुरू झाली.

शालिकराम खारोडे हे तेल्हाऱ्याकडचे कापूसवाले शेतकरी, काकांच्या वेळेपासूनचे यजमान. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न माघात दुपारच्या मुहूर्तावर होतं. पुष्करनं त्याच सकाळी अमरावतीत एक मुंज धरलेली होती. मुंज रेंगाळली, बटूच्या मामाची वाट पाहण्यात वेळ गेला, आणि पुष्कर निघाला तेव्हाच उन्हं वर आली होती. दर्यापूर सोडल्यावर त्याच्यापुढे कापसाचा ट्रक आला. जाळी बांधलेला, दोन्ही बाजूंनी रस्ताभर फुगलेला. पुष्कर गाडी उजवीकडे काढून पाहायचा, पाय दाबायचा, गाडी नुसती ओरडायची आणि तेवढ्यात समोरून काहीतरी यायचं. अकोटपर्यंत तो त्या ट्रकच्या मागे होता.

तो मांडवात पोहोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मुहूर्त टळू नये म्हणून नवरीच्या आत्यानं मोबाईलमध्ये पाहून मंगलाष्टकं म्हटली होती. लोक जेवायला बसायला लागले होते. शालिकरामजींनी त्याला पाणी दिलं, आरडाओरड काही केली नाही.

"जे झालं ते झालं, महाराज," ते म्हणाले. "आता होम तं करा. पोरीची सप्तपदी राहिली हाय."

पुष्करनं कन्यादान करवलं, होम करवला, सप्तपदी करवली. जेवण मात्र त्याला गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर माझ्याकडे चहाला आला.

"त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "वकीलसाहेब, गाडीत जोरच नाही. तो एक ट्रक मागे टाकता आला असता तर मी वेळेवर होतो."

मग त्यानं मोबाईलवर चिप ट्यूनिंगची चित्रफीत दाखवली. नावात चिप असली तरी गाडीत नवीन काही बसवत नाहीत. इंजिनला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे गाडीतला एक छोटा संगणक ठरवत असतो. त्याच्यात कंपनीनं भरलेलं गणित काढायचं आणि दुसरं भरायचं. चित्रफितीतला माणूस सांगत होता की त्यानं गाडीचा जोर वाढतो, वर पेट्रोलही वाचतं.

"दोन्ही एकदम?" मी विचारलं.

"तो तर तसंच सांगून राहिला."

"विमा कंपनीला कळवावं लागेल हं. इंजिनात फेरफार केलेला लपवला आणि उद्या काही झालं तर ते हात वर करतील."

"कळवतो ना," पुष्कर म्हणाला. त्याचं लक्ष चित्रफितीतच होतं.

अकोल्याला एमआयडीसीकडे सूर्यभान ताथोड नावाचा माणूस हे काम करतो असं त्याला कळलं. हा सूर्यभान पुण्यात एका मोटार कंपनीच्या चाचणी विभागात नोकरी करून, आईच्या दुखण्यामुळे गावी परतलेला इंजिनिअर. पुष्कर मला सोबत घेऊन गेला. स्वच्छ शेड, भिंतीला लावलेला पंखा, टेबलावर लॅपटॉप. सूर्यभाननं गाडी पाहिली आणि आधी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या.

"महाराज, पह्यले ऐकून घ्या," तो म्हणाला. "टर्बोवाली डिझेल गाडी असते नं, तिच्यात कंपनीनं बराच जोर दाबून ठेवलेला असते. थो मोकळा करता येते. फरक पायाले कळते. तुमच्या गाडीले टर्बो नाही. इंजिन जेवढी हवा ओढते तेवढीच ओढन. दाबून ठेवलेलं काही नाहीच, तं मी मोकळं काय करू?"

"म्हणजे काहीच होणार नाही?"

"होईन नं. चार-पाच टक्के होईन. पेडल हलकं करून देतो, जरासा पाय ठेवला का गाडी उचलन. तुमाले वाटन उडून राहिली. पण घड्याळ लावून पाहाल तं फरक हातात येनार नाही. अन् पेट्रोल मंग भारीतलं टाका लागन, साधं चालनार नाही."

मी पुष्करकडे पाहिलं. इतकं स्पष्ट सांगणारा दुकानदार मी तरी पाहिला नव्हता. आता हा उठेल असं मला वाटलं. पण पुष्करनं त्या सगळ्यातून "होईन नं" एवढंच ऐकलं होतं.

"करून टाका," तो म्हणाला.

सूर्यभाननं खांदे उडवले. स्टिअरिंगखालच्या खाचेत वायर लावली, आधीचं गणित लॅपटॉपमध्ये काढून जपून ठेवलं आणि नवं भरलं. चहा पिऊन होईस्तोवर काम झालं होतं.

परतीच्या वाटेवर पुष्कर फार खूश होता. पायाचा नुसता स्पर्श झाला की गाडी पुढे झेपावायची. मूर्तिजापूरपर्यंत त्यानं चार-पाच गाड्या मागे टाकल्या आणि दरवेळी माझ्याकडे पाहिलं. मलाही गाडी तरतरीत वाटली, खोटं कशाला बोलू.

त्याची बायको कुंदा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. तिनं पहिल्याच रविवारी आपलं मत दिलं. मोर्शीला तिच्या बहिणीकडे जाताना तिच्या मांडीवरचा वरणाचा डबा सांडला.

"अहो, ही गाडी आता दचकून निघते," ती म्हणाली.

"तिच्यात जोर आलाय."

"जोर आला असेल. पण मोर्शीला आपण नेहमीइतक्याच वेळात पोहोचलो ना?"

पुष्कर म्हणाला, आज गर्दी होती.

झालं उलटंच. गाडी वेगवान झाली या भरवशावर त्यानं कामं वाढवली. आधी तिथीला दोन, क्वचित तीन घ्यायचा, आता सर्रास तीन घेऊ लागला. चैत्र-वैशाखात वास्तुशांती, मुंजी, लग्नं एकावर एक येतात. कॅलेंडरसमोर उभं राहणंही त्यानं सोडलं. फोन आला की "येतो", आणि मग मधल्या रस्त्यात जो काही वेळ वाचवायचा तो गाडीनं वाचवायचा. घरी तो जेवायला थांबेना. जुईली, त्याची मुलगी, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. बाबा कधी घरी असतात हे तिला कुंदाला विचारावं लागायचं.

एप्रिलच्या अखेरीची गोष्ट. अकोटला नत्थुजी म्हणून एका शेतकऱ्यानं नवं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांती दुपारी होती. सकाळी अमरावतीत एक साखरपुडा झालेला, आणि संध्याकाळी बडनेऱ्यात गोरज मुहूर्ताचं लग्न धरलेलं. मला अकोटला एका पक्षकाराकडे जायचं होतं, म्हणून मी गाडीत बसलो. ऊन असं होतं की दाराच्या मुठीला हात लावता येत नव्हता. एसी पूर्ण सोडलेला, तरी काचेतून झळ लागत होती. भारीतलं पेट्रोल आदल्या दिवशी मिळालं नव्हतं, म्हणून साधंच भरलं होतं.

दर्यापूरच्या पुढे इंजिनमधून एक आवाज येऊ लागला. पत्र्यावर ज्वारीचे दाणे पडावेत तसा, बारीक, टकटक. पुष्करनं रेडिओ बंद करून ऐकलं.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"असेल काही. अकोटला पाहू."

पुढे एक ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन चालला होता. समोर रस्ता मोकळा दिसत होता. पुष्कर उजवीकडे निघाला आणि त्यानं पाय दाबला. गाडी सुरुवातीला झेपावली आणि ट्रॉलीच्या बरोबरीला आल्यावर एकदम मंद झाली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्यानं पाय आणखी दाबला, पण गाडी पुढे सरकेना. समोरच्या वळणावरून एसटी आली.

पुष्करनं ब्रेक लावला. ट्रॉली पुढे निघून गेली आणि तिच्यामागे आम्ही डावीकडे आलो, आलो ते थेट रस्त्याखालच्या मुरमावर. एसटी हॉर्न वाजवत शेजारून गेली. गाडी घसरत जाऊन एका कडुलिंबापाशी थांबली. आम्हाला खरचटलंही नव्हतं. मागच्या सामानातून एक तांब्याचा कलश गडगडत पुढच्या सीटपर्यंत आला होता.

आम्ही खाली उतरून झाडाच्या सावलीत उभे राहिलो. पुष्कर पाणी प्यायला, मग बाटली त्यानं मला दिली.

तो म्हणाला, "मला वाटलं ती जाईल."

मी गाडीतला तो कलश उचलून मागे ठेवला.

"आणि गेली असती तरी काय, वकीलसाहेब? पुढे दुसरा ट्रॅक्टर असताच."

मग त्यानं नत्थुजींना फोन लावला. उशीर होईल, असं यजमानाला आधीच सांगण्याची ही त्याची बहुधा पहिलीच वेळ. बोलताना तो इतका अडखळला की मला वाटलं काहीतरी फार मोठं घडलंय असं पलीकडच्याला वाटेल. फोनचा आवाज मोठा होता, नत्थुजींचं उत्तर मलाही ऐकू आलं.

"या न महाराज सावकाश. घर काई पळून नाही चाललं. आमी इथंच हाओत."

पुष्करनं लगेच दुसरा फोन केला. बडनेऱ्याचं लग्न त्यानं शहरातल्या दुसऱ्या एका गुरुजींना सांगितलं. त्यांना ते जमण्यासारखं होतं. मग त्यानं वधूच्या वडलांना तसं कळवलं आणि माफी मागितली. ते जरा नाराज झाले, पण गुरुजी येतायत म्हटल्यावर शांत झाले.

एसी बंद करून, काचा उघडून, आम्ही हळूहळू अकोटला पोहोचलो. वास्तुशांती नीट झाली. तेवढ्यात मीही माझ्या पक्षकाराकडे जाऊन आलो. नत्थुजींच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, आम्हाला पुरणपोळीचं जेवण आग्रहानं वाढलं आणि पुष्कर त्या दिवशी पोटभर जेवला. उन्हं कलल्यावर आम्ही घरी न जाता अकोल्याकडे निघालो.

सूर्यभाननं पुन्हा वायर लावली आणि लॅपटॉपवरच्या रेघा पाहिल्या.

"ठिणगी मी थोडी लवकर केली होती," तो म्हणाला. "भारी पेट्रोलवर चालते. साधं पेट्रोल, वरून हे ऊन, एसी, वजन. इंजिन ठोके घ्याले लागलं. मंग गाडीचा संगणकच घाबरला अन् त्यानं जोर कापला. इंजिन वाचवासाठी कापला, बरं झालं."

"नेमका तेव्हाच," पुष्कर म्हणाला.

"पूर्ण दाबलं का तेव्हाच कापते, महाराज. मी सांगतलं होतं, पण मी करूनही देलं. माह्यंही चुकलंच. एवढ्या उन्हात गावोगाव फिरनाऱ्या गाडीले हे कराले नव्हतं पाहिजे." त्यानं जपून ठेवलेलं जुनं गणित परत भरलं. मग बॉनेट उघडून हवेचा फिल्टर बाहेर काढला. तो धुळीनं मातकट झाला होता. "हे बदला लागते. अन् हवा भरून घ्या, चारही टायर बसले हायत. डिक्कीत काय हाय इतकं?"

पुष्करनं डिक्की उघडली. होमकुंडाच्या विटा, वाळूची गोणी, चार पाट, एक चौरंग, पितळी समया, परात, समिधांचे भारे, गंगाजलाचे दोन कॅन. मी ती डिक्की किती वेळा पाहिली होती, पण त्यातल्या वजनाचा विचार कधी केला नव्हता.

"हे सगळं यजमानाकडे नसते काय?" सूर्यभाननं विचारलं.

"असतं कधीकधी. नसलं तर त्यांची धांदल होते. मग मीच नेतो."

"मंग मागच्या सीटवर दोन मानसं बसवून फिरून राहिले तुमी रोज. माह्या चार टक्क्यानं काय होनार?"

घरी आल्यावर रविवारी त्यानं आणि कुंदानं डिक्की रिकामी केली. विटा अंगणात रचल्या, वाळू कुंदानं कुंड्यांना घातली. खरा त्रास पुढे होता. विटा आणि वाळू तुमच्याकडून ठेवा, एवढं यजमानाला फोनवर सांगायचं होतं. तो फोन लावायचा, तब्येत विचारायचा, पीकपाणी विचारायचा आणि ठेवून द्यायचा. शेवटी कुंदा समोर येऊन बसली. तेव्हा त्यानं एका दमात सांगून टाकलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं." पुष्कर फोनकडे पाहत राहिला.

गाडी आता पहिल्यासारखी चालते. नवा फिल्टर, टायरमध्ये हवा आणि रिकामी डिक्की यांच्यामुळे पहिल्यापेक्षा जरा बरी चालते, असं त्याचं म्हणणं आहे. कुंदा मांडीवर डबा घेऊन निर्धास्त बसते.

आमच्याच गल्लीतला अनुप म्हणून एक मुलगा बियाण्यांच्या कंपनीत आहे. त्याची टर्बो डिझेल आहे, सारखं चिखलदऱ्याच्या घाटात फिरावं लागतं. त्यानं सूर्यभानकडूनच ट्यूनिंग करून घेतलं. विमा कंपनीला रीतसर कळवलं, क्लचवर जास्त ताण येईल हे धरून चालला, आणि तो समाधानी आहे. पुष्कर एकदा त्याच्यासोबत सेमाडोहच्या वाटेनं जाऊन आला. परत आल्यावर मला म्हणाला, "त्याच्या गाडीत खरंच फरक आहे. त्याला त्याचा उपयोग आहे. माझ्या गाडीत मी नसलेलं शोधत होतो." हे सांगताना त्याला वाईट वाटत होतं असं दिसलं नाही.

शालिकरामजींकडे तो मधे मुद्दाम जाऊन आला, काही काम नसताना. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. येताना तिकडची तुरीची डाळ मात्र घेऊन आला आणि त्यातली अर्धी वर आमच्याकडे पाठवली.

आता तो तिथीला एकच लांबचं काम घेतो. जवळचं असेल तर आणखी एखादं. नाही म्हणायची कला त्याला अजून आलेली नाही. परवा दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आम्ही त्याच्या ओसरीवर बसलो होतो. वरुडहून फोन आला, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त होता आणि त्या दिवशी त्यानं आधीच एक लग्न धरलेलं होतं. तो उठून उभा राहिला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आणि म्हणाला, "नाही जमणार हो त्या दिवशी. दुसऱ्या गुरुजींचा नंबर देतो. चांगले आहेत."

फोन ठेवून तो परत येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"चांगले लोक आहेत ते," तो मला म्हणाला. "काकांना फार मानायचे."

"गुरुजी नीट करतील ना?"

"माझ्यापेक्षा नीट करतील. त्यांचा स्वर शुद्ध आहे."

जुईली आतून आली. तिला अकरावीच्या कॉलेजचं काहीतरी विचारायचं होतं. तिनं विचारलं, त्यानं ऐकलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा तो भानावर आला, जरा सरकून तिला शेजारी जागा करून दिली आणि म्हणाला, "हं, सांग. पहिल्यापासून सांग."